विशेष गुण: चाखत नाही

हरीओमचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. फोन गोजराच्या हातात होता. तिनं आवाज मोठा केला, म्हणजे दोघांना ऐकू यावं.

"बाबा, मोईनले ओळखता ना? माह्यासंगं मालेगावले कॉलेजात होता."

"ओळखतो. काय झालं त्याले?"

"काई नाई झालं. त्यानं वाशीम रोडवर रेस्टॉरंट टाकलं. शाकाहारी. त्याले आपलं वऱ्हाडी जेवण बनवनारा मानूस पाहिजे. मी तुमचं नाव सांगून ठिवलं."

"मंग उद्या जातो."

"तसं नाई. त्याच्या इथं तोंडी चालत नाई. तुमी तुमचा बायोडाटा लिहून घिऊन जा."

गोजरा फोनवर वाकली. "काबे, या वयात याहीचा बायोडाटा काढतं? अन् माहं काय करतं मंग?"

"माय, लग्नाचा नाई. नोकरीचाही असते. आपन कोन, कुठचे, काय शिकलो, कुठं काम केलं, थे सारं त्यात लिहा लागते."

मी म्हणालो, "पन तो मले ओळखते ना?"

"ओळखते."

"मंग मी कोन हावो थे त्याले कायले लिहून देऊ?"

"बाबा, पद्धत हाये," हरीओम म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला काही समजलं नाही. पण जायचं तर होतंच. कारण असं की, मी जन्मभर पाटलांच्या शेतात सालदार होतो. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या शेताचं सगळं माझ्याकडं. यंदा पाटलांच्या मुलानं शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, दुसऱ्याला कसायला दिलं. त्या दुसऱ्याकडं ट्रॅक्टर आहे आणि स्वतःची दोन पोरं आहेत. त्याला सालदार नको. तेव्हापासून कुणी रोजानं बोलावलं तर जायचं, नाहीतर घरी.

हरीओमनं त्यावर तोड काढली होती. तो आणि सूनबाई रुचिका दोघंही कंपनीत जातात. लेकराला पाहायला घरात कुणी नाही. तर आईनं त्याच्या खोलीवर यायचं. खोली एकच, तिथं तिसरं मोठं माणूस कसंबसं मावेल, चौथं नाही. म्हणून माझ्यासाठी त्यानं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं काम पाहिलं होतं. गेटपाशी केबिन आहे, झोपायचं तिथंच. त्याच्या खोलीपासून दोन बस बदलून जावं लागतं. "रविवारी भेटत जाऊ," असं तो म्हणाला होता. वाईट मनानं नाही म्हणाला. पण गोजरा त्या दिवशी जेवली नाही, आणि मीही उगाच गोठ्यात जाऊन उभा राहिलो. गोठ्यात आता काहीच नाही.

शेवटी हरीओम म्हणाला, बाबांना इकडं बारमाही काम मिळालं तर दोघंही गावातच राहा, मी लेकरासाठी एखादी बाई पाहतो. नाही मिळालं तर महिनाअखेर घ्यायला येतो. म्हणून हा कागद.

कागदासाठी मी वैजयंतीकडं गेलो. वैजयंती म्हणजे आमच्या गल्लीतली अंगणवाडीची सेविका. मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग तीच घ्यायची. माझी सगळी बाराखडी तिच्या हाताखालची. शेतातून आल्यावर बैलांना वैरण टाकून मी पाटी घेऊन जात असे, आणि तिची मुलगी माझ्याकडं पाहून हसत असे. आता मला वाचता येतं, लिहिताही येतं, फक्त वेळ लागतो.

वैजयंती रेघांचे कागद घेऊन आमच्या ओसरीवर आली. हरीओमनं तिच्या मोबाइलवर एका मुलाचा बायोडाटा नमुना म्हणून पाठवला होता. तो इंग्रजीत होता. ती एकेक ओळ मराठीत सांगत होती.

"पयले हाये उद्दिष्ट," ती म्हणाली. "मामाजी, ह्या पोरानं लिहिलं, एका नामांकित संस्थेत आपल्या कौशल्याचा पुरेपूर वापर करून संस्थेच्या प्रगतीत सहभागी होने."

"हा पोरगा काय बनवते?" मी विचारलं.

तिनं मोबाइल वरखाली केला. "थे कुठं लिहिलं नाई दिसत."

"मंग त्याले कामावर घेतलं कसं?"

"घेतलं का नाई थे बी लिहिलं नाई."

गोजरा चहा घेऊन आली. "तुमचं उद्दिष्ट लिव बाई, बायकोजवळ राह्यनं."

वैजयंती हसत सुटली. मी उद्दिष्टाची जागा सोडून दिली. मागून लिहू म्हटलं.

नाव लिहिलं. गाव लिहिलं. जन्मतारखेला आधार कार्ड काढलं. त्यावर एक जानेवारी आहे. आमच्या वयाचं अर्धं गाव एक जानेवारीला जन्मलेलं आहे. मी वैजयंतीला म्हटलं, मी खरा ज्वारीच्या सोंगणीत जन्मलो, माय सांगायची. ती म्हणाली, सोंगणी लिहू नका, आधारवर आहे तेच लिहा. म्हणजे खरं माहीत असताना दुसरंच लिहायचं, आणि तेच खरं धरायचं. बरं, लिहिलं.

शिक्षणापुढं तिनं 'नवसाक्षर' लिहायला सांगितलं. तो क्ष काढताना माझा नेहमी घोळ होतो. दोनदा गिरवावा लागला.

मग आला अनुभव.

"पाटलाच्या इथं सालदार," मी सांगितलं. "वखरनं, डवरनं, पानी ओलनं, रात्रीची जागल."

"मामाजी, रेस्टॉरंटात डवरा कोन चालवन? रांधाचं सांगा ना."

"थे कुठं नोकरी होती? थे तं गावचं काम."

खरंच होतं ते. आमच्या गावात मारुतीचा भंडारा होतो. सगळं गाव जेवतं, आजूबाजूचीही गावं येतात. वांग्याची भाजी, वरण, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि बुंदी. लांब खड्डा खणून चूल करतात आणि त्यावर हंडे, कढया चढतात. भाजीच्या कढईपाशी कितीतरी वर्षं मी उभा आहे. पण तिथं कुणी कुणाला कामावर ठेवत नाही. ज्याला जे जमतं ते तो करतो.

"पन रांधता तं तुमीच ना?" वैजयंती म्हणाली.

"मी एकटा कुठं? लाकडं तुहा सासरा फोडते. वांगे बाया चिरतात. पानी पोरं आनतात. मी नुसता सराटा फिरवतो."

"मंग लिहा, मी भंडाऱ्याचा स्वयंपाक करतो."

मी 'मी' लिहिलं आणि थांबलो. तिचा सासरा वाचेल तर काय म्हणेल असं वाटलं. ते खोडून 'आम्ही' लिहिलं. तर वैजयंती म्हणाली, "नोकरी किती जनाले पाहिजे?" मग 'आम्ही' खोडून पुन्हा 'मी' लिहिलं. कागद मळला, म्हणून दुसरा घेतला आणि पुन्हा एक जानेवारीपासून सुरुवात केली.

त्या पोराच्या कागदावर पुढं छंद होते.

"छंद म्हंजे?" मी विचारलं.

"काम नसलं म्हंजे काय करता?"

"काम पाह्यतो."

ती विचारात पडली. "थे छंदात बसते का नाई, मले बी समजत नाई," ती म्हणाली. छंद सोडला.

शेवटी होतं विशेष गुण. तिथं मात्र आम्हा तिघांनाही एकदम एकच सुचलं.

भंडाऱ्याचं जेवण मारुतीला निवद दाखवल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. रांधणाऱ्यानंही नाही. मीठ पाहायला बोट चाटलं तरी ते उष्टं झालं. दुसऱ्या गावांत आचारी हळूच चाखतात, हे सगळ्यांना माहीत आहे. एका गावात तर आचाऱ्याला चाखताना पाहिलं आणि लोकांनी सगळी कढई जनावरांपुढं ओतली. माझं तसं कधी झालं नाही. मी वासावर रांधतो. मीठ पडलं की भाजीच्या वाफेचा वास बदलतो. तेल कढईच्या कडेला कसं येतं ते पाहतो. निवद होतो, पंगत बसते, आणि लोक दुसऱ्यांदा भाजी मागतात की नाही त्यावरून मला कळतं कशी झाली. मी स्वतः सगळ्यांत शेवटी जेवतो. तोवर जे उरलं असेल ते, थंडगार.

"हे लिहा, मामाजी," वैजयंती म्हणाली. "असा मानूस मोईनभाईले चिराग घिऊन धुंडला तरी सापडनार नाई."

"खाली कायले, वर लिहा म्हनाव," गोजरा म्हणाली. "सगळ्यात वर, नावाखाली."

उद्दिष्टाची जागा रिकामी होतीच. तिथं मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विशेष गुण: चव न घेता स्वयंपाक करतो. आजपर्यंत एकदाही चाखलेले नाही.' वैजयंतीनं वाचून पाहिलं आणि मान हलवली. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काळीपिवळी जीपनं वाशीम रोडला गेलो. गोजरा म्हणाली, मला मालेगावात बांगड्या भरायच्या आहेत. पण बांगड्यांच्या दुकानापाशी ती उतरली नाही. "मी बी पाह्यते ना, कसं हाये थे," एवढंच म्हणाली.

रेस्टॉरंटला काचेचं दार होतं. ढकलायचं की ओढायचं ते मला समजेना. मी ओढत होतो आणि आतून मोईन ढकलत होता. शेवटी तो हसत बाहेर आला. अंगावर काळा एप्रन, हनुवटीवर बारीक दाढी. त्यानं मला नमस्कार केला आणि गोजराला म्हणाला, "चाची, या ना आत, पंख्याखाली बसा." पाणी दिलं. मग माझ्यासमोर बसून त्यानं कागद हातात घेतला.

"चाचा, कागद कोनी लिहिला?"

"मीच."

"अक्षर लय साफ हाये." तो पुढं वाचू लागला. मग थांबला. पुन्हा वरून वाचलं. "चव न घेता स्वयंपाक करतो. म्हंजे?"

मी त्याला सगळं सांगितलं. मारुती, निवद, कढई, वास. गोजरा मधेमधे माझं राहिलेलं सांगत होती. मला वाटलं आता हा म्हणेल, असाच माणूस पाहिजे होता. मोईन कागदाकडं पाहत राहिला.

"चाचा, मी समजलो," तो म्हणाला. "रमजानात आमच्या अम्मी बी रोजा ठिवून इफ्तारीचं सारं बनवतात. जिभेले लावत नाई. नमक बराबर असते."

"मंग झालं तं!"

"पन अम्मी बाकीचे अकरा महिने चाखतात ना. त्याच्यानं हात बसला त्याहीचा. तुमी कधीच नाई चाखलं?"

"कधीच नाई," मी म्हणालो. सांगताना अजूनही मला ते चांगलंच वाटत होतं.

मोईननं मान खाजवली. "चाचा, माह्या इथं गिऱ्हाईक येते. एका टेबलावर चार मानसं. भाजी खारट निंगाली तं थो मोबाइल काढते, फोटो घेते, अन् साऱ्या दुनियेले सांगते. तिथं मी कसं म्हनू, का आमचा आचारी चाखत नाई?"

"माह्या हातून खारट होत नाई."

"तं दाखवा करून. चार मानसाची वांग्याची भाजी."

स्वयंपाकघर आत होतं. सगळं स्टीलचं, पायाखाली फरशी. त्यानं मला एप्रन दिला, त्याची गाठ गोजरानं मागून बांधली आणि दारात जाऊन उभी राहिली. गॅस पेटवला. चुलीत लाकूड मागं ओढलं की आच कमी होते, ते मला कळतं. इथं एक खुंटी फिरवायची होती आणि मी ती प्रत्येक वेळी उलटी फिरवत होतो. मसाला मात्र मी माझ्या पद्धतीनं वाटला. खोबरं, तीळ, लसूण, काळा मसाला. तेलात टाकला आणि वाफ वर आली.

आली आणि गेली. भिंतीत एक पंखा होता, तो वास बाहेर ओढून नेत होता. मी नाक कढईवर नेलं, तरी वास नाकाशी येईपर्यंत पंख्याकडं वळत होता.

"मोईन, हा पंखा बंद कर ना."

"बंद केला तं इथं उभं राह्यता येत नाई, चाचा. पाच मिंटात डोळे जातीन."

मग मी अंदाजानं केलं. पण अंदाज तरी कसला? माझ्या हाताला ओंजळीनं मीठ टाकायची सवय. चार माणसांची ती एवढीशी भाजी, त्यात ओंजळ कशी टाकणार? चिमटीनं टाकायचं, तर किती चिमटी? एक टाकली. ती दिसेनाशी झाली. अजून टाकलं. वांगी शिजली, तेल कडेला आलं. मी गॅस बंद केला आणि बाजूला झालो.

मोईननं माझ्यासमोर चमचा धरला. "चाखा."

मी चमचा घेतला नाही. हात तसाच एप्रनला पुसत राहिलो. "इथं निवद कोनाले दाखवता?" मी विचारलं.

"कोनाले नाई."

"मंग पयले कोन खाते?"

"गिऱ्हाईक."

"तं त्याच्या आंधी मी कसा खाऊ?"

मोईननं चमचा ओट्यावर ठेवला. त्यानं डोळे बारीक केले. "चाचा, तुमी मले बी कन्फ्यूज करून राह्यले," तो म्हणाला. "मी बाहीर बिल पाहून येतो. तोवर तुमी पाहा काय करता थे."

तो गेला तशी गोजरा आत आली.

"कायले अडून बसले? गिऱ्हाईक काय देव हाये? थो जेवते अन् ढेकर देऊन जाते. देवाची कढई देवळात. ही कढई मोईनची. घ्या चमचा."

"तसं नाई," मी म्हणालो. "इथं रोज चाखलं म्हंजे हाताले सवय लागन. उद्या भंडाऱ्यात चुकून बोट तोंडाकडं गेलं तं? अन् नाई गेलं तरी लोकं काय म्हनतीन? हा तं हाटेलात दिवसभर चाखते. मले कढईजवळ उभं करतीन काय कोनी?"

गोजरानं दाराकडं पाहिलं. हे खरं आहे हे तिला माहीत होतं. गावात मला जमिनीनं कुणी ओळखत नाही, जमीन नाहीच. शिक्षणानं तर नाहीच नाही. भंडारा आला की सरपंचही आमच्या दारात येऊन विचारतो, जगदेवबुवा, यंदा वांगी किती आणू? तेवढी एकच गोष्ट.

"नाई करतीन उभं," ती हळू आवाजात म्हणाली. मोईनला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी जवळ आली. "कढई नाई तं नाई. तुमी त्या गेटवर डब्यात झोपनार, अन् मी थ्या खोलीत लेकराले घिऊन भिताडाकडं पाह्यत बसनार. थे चालते काय तुमाले? मले नाई चालत. सांगून ठिवते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं मला असं तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. पुण्याचं ठरलं तेव्हाही ती हो किंवा नाही काहीच म्हणाली नव्हती. तिलाही ते नको असेल, असं मी आपलं मनानं धरून चाललो होतो. मी चमचा उचलला. हात धुतले होते, तरी पुन्हा धुतले. मनात मारुतीला म्हटलं, हे तुझं नाही, मोईनचं आहे. आणि भाजी तोंडात घातली.

मोईन दारात आला होता. "कसं हाये, चाचा?"

मला सांगता येईना. मीठ लागलं. तिखट लागलं. वांगं वांग्यासारखं लागलं. पण बरोबर की चूक, ते जिभेवर नक्की कुठं लागतं तेच समजेना. मी दुसऱ्यांदा चाखलं. पुन्हा तेच. सगळं लागत होतं आणि काहीच कळत नव्हतं. मी गोजराकडं पाहिलं. तिनं चमच्याला लागलेलं बोटानं पुसून जिभेला लावलं होतं आणि तिचं नाक आकसलं होतं.

"खारट हाये," मी म्हणालो.

"वा चाचा!" मोईन मोठ्यानं हसला. "हे तं तुमी चाचीचं तोंड पाहून सांगितलं!"

"घरी इतकी वर्सं काय जेवत होते, मी इचारते," गोजरा त्यालाच सांगू लागली. "एक दिवस तोंडातून निंगालं नाई, का आज खारट झालं, का आज अळनी झालं. मी समजत होती, लय गरीब मानूस भेटला मले. याले तं चवच समजत नाई!"

मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. मोईननं स्वतः चाखलं. "लय खारट हाये, चाचा," तो म्हणाला, पण या वेळी हसला नाही. मी एप्रनची गाठ सोडायला मागं हात नेला. गाठ सुटेना. मनात आलं, पुण्याच्या गेटवरच्या त्या केबिनला खिडकी तरी असेल का?

मोईन मात्र पुन्हा चाखत होता. "मीठ सोडून सारं बराबर हाये," तो म्हणाला. "असा मसाला माह्या इथं कोनाच्यानं झाला नाई. चाचा, पुन्यांदा करा. चाची, तुमी बाहीर बसा. तुमचं तोंड दिसाले नाई पाहिजे."

गोजरा बाहेर गेली. मी पुन्हा मसाला वाटला, पुन्हा वांगी चिरली. पंखा चालूच होता. या वेळी चिमूटभर मीठ टाकलं आणि चाखलं. काही समजलं नाही. वांगी मऊ होईपर्यंत थांबलो आणि पुन्हा चाखलं. मघाची चव तोंडात कुठंतरी अजून राहिली होती. तिच्याशेजारी ही ठेवून पाहिली. ही तेवढी नव्हती. ती जिभेच्या कडांना झोंबली होती, ही झोंबत नव्हती. पण चांगली म्हणजे किती झोंबायला पाहिजे? गोजराच्या भाज्या आठवून पाहिल्या. काल रात्रीची आठवली. ती खाताना मी तुरीच्या भावाचा विचार करत होतो, चवीचा नाही. तरी ती आणि ही यांत काहीतरी कमीजास्त होतं. ही थोडी लांब होती, पोकळ होती. हे खरंच तसं आहे की मला वाटतं आहे, ते ठरवता येईना.

"सांगा," मोईन म्हणाला.

"मले वाटते," मी म्हणालो, "वाटते बरं का. अळनी हाये थोडी."

त्यानं चमचा घेतला, चाखलं, आणि माझ्याकडं पाहिलं. "हाव. अळनी हाये."

मी तसाच उभा राहिलो.

"मंग टाका ना मीठ, चाचा! कोनाची वाट पाहता?"

मी मीठ टाकलं. ढवळलं. चाखलं. पुन्हा अगदी थोडं टाकलं. मग मोईननं चाखून काही न बोलता एका वाटीत भाजी काढली, वर भाकरीचा तुकडा ठेवला आणि बाहेर गोजराला नेऊन दिली. तिनं सगळी खाल्ली. पण तीही काही बोलली नाही, त्यामुळं मला अंदाज येईना.

"सोमवारपासून या," मोईन काउंटरमागं जाऊन म्हणाला. "सकाळी नवाले. आंधी चिरनं, मसाला वाटनं, अन् दिवसभर जे जे शिजन थे चाखाचं. वरन, भात, कढी, सारं. महिनाभर. जीभ बसली का मंग कढई तुमच्या हाती."

"म्हंजे नोकरी लागली का नाई?" मी विचारलं.

"लागली."

"आचारी म्हनून?"

"आचारी म्हनून अबी नाई."

"मंग काय म्हनून?"

मोईननं पेन कानामागं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "थे पाहू, चाचा. तुमी या तं खरं."

"बारमाही हाये ना पन?"

"बारमाही हाये. ईदले अन् दिवाळीले सुटी."

मी गोजराकडं पाहिलं. तिनं वाटी धुऊन ठेवायला नळ कुठं आहे ते विचारलं. मोईन म्हणाला राहू द्या चाची, पण ती गेलीच.

रस्त्यावर काळीपिवळीची वाट पाहताना हरीओमला फोन लावला.

"लागली?" तो ओरडला. "कोनती पोस्ट, बाबा?"

"थे पक्कं नाई सांगितलं."

"म्हंजे? कूक का हेल्पर?"

"चिराचं, वाटाचं. अन् चाखाचं."

"चाखाचं? फक्त चाखाले मानूस कोन ठेवते?"

गोजरानं फोन घेतला. "तुहा बाप पास झाला," ती म्हणाली. "आंधी नापास झाला होता, मंग पास झाला. आता जास्त इचारू नको."

मग हरीओम म्हणाला, "मंग माय, तू बी नाई येत?"

"नाई येत." तिनं पदर तोंडाशी नेला. "रुचिकाले म्हन, रागावू नको. लेकराले सुट्टीत घिऊन या. चांगली महिनाभर ठेवतो आमी."

"बरं," तो म्हणाला. नाराज झाला की नाही ते फोनवरून कळलं नाही. बाई शोधतो म्हणाला, आणि ठेवला.

गाडी आली, भरलेली होती. गोजराला आत जागा मिळाली. मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा होता. मागं वळून मी तिला विचारलं, "बांगड्या राह्यल्या ना तुह्या?"

"राहू द्या." मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सरपंच येईन. वांगे किती आनू इचारन. काय सांगता?"

"सांगतो, का मी आता चाखतो. दुसरा मानूस पाहा."

"तुमी सांगता, का मी सांगू?"

"मीच सांगतो."

"मंग काय करता थ्या दिवशी?"

"वाढतो. वरन वाढाले तं कोनी नाई म्हननार नाई."

गाडीत एक माणूस आमचं ऐकत होता, त्यानं मला विचारलं, बुवा, कुठं कामाला लागलात? मी रेस्टॉरंटचं नाव सांगितलं. काय काम, असं त्यानं विचारलं तेव्हा मी गोजराकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि तिच्या तोंडावरून या वेळी मला काहीच समजलं नाही. तेव्हा मी त्या माणसाला म्हणालो, "सोमवारी गेल्यावर कळन."